खिडकीतला पेला

"म्हणजे हातमोजे घातलेले, तोंड बांधलेलं, डोक्याला टोपी... तरीही माणूस स्वतःच नमुन्यात मिसळू शकतो की नाही? एवढंच सांगा, सर."

मुजावर सर दर्ग्याचं अंगण झाडत होते. त्यांचा खराटा थांबला नाही.

"मिसळू शकतो," ते म्हणाले. "पण तू नाही मिसळणार."

डॉ. नेमिनाथ मगदूम टेकडी चढून आला होता. धाप अजून खाली बसली नव्हती. दुसऱ्या कुठल्याही दिवशी हे वाक्य ऐकून त्याची छाती फुगली असती. आज त्याचा चेहरा पडला.

"मीच मिसळलोय, सर. माझ्या हातून नमुना बिघडलाय. तुम्ही एकदा तसं म्हणा, म्हणजे मिटलं."

आता मात्र खराटा थांबला.

मगदूमच्या तोंडून 'माझ्या हातून बिघडलं' हे शब्द ऐकायला मुजावर सरांना म्हातारं व्हावं लागलं होतं. त्यांनी खराटा भिंतीला टेकवला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

हा मगदूम म्हणजे साधी असामी नव्हे. फॉरेन्सिक प्रयोगशाळेचा प्रमुख. सिगरेटचं थोटूक, चहाच्या कपाची कड, उशीवरचा एक केस, एवढ्यावरून तो माणूस हुडकून काढायचा. कोर्टात त्याची साक्ष असली की बचावाच्या वकिलाची आदल्या रात्रीपासून झोप उडायची. आपल्या टेबलावर चूक होत नाही, असं तो चारचौघांत सांगायचा. आणि ते खरंच होतं, ही खरी पंचाईत होती.

मागे एकदा शुभदा नावाच्या हुशार मुलीने काम करता करता तोंडावरचा मास्क जरा खाली ओढला. नमुन्यात तिचंच डीएनए आलं. मगदूमने तिला त्या खोलीतून काढलं आणि कपाटं लावायला बसवलं. ती रडत होती. त्याने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

असा हा माणूस. तो आज टेकडी चढून आपली चूक मागायला आला होता.

"बस," सर म्हणाले.

तो चिंचेखालच्या पारावर बसला. मांडीवर एक खोका होता. पांढऱ्या कापडात शिवलेला, टाक्यांवर लाखेची मोहोर. खाली रस्त्यावर सरकारी जीप उभी होती आणि चालक बॉनेटला टेकून पेंगत होता.

"हेच का ते?"

"हेच. उरलेली हाडं, दुसऱ्या प्रयोगशाळेकडे फेरतपासणीला घेऊन चाललोय. वाटेत तुमचं गाव लागतं, म्हणून..."

वाटेत गाव लागत नव्हतं. बराच वळसा पडत होता. सरांना ते ठाऊक होतं.

मुजावर सर म्हणजे त्याच प्रयोगशाळेचे आधीचे प्रमुख. मगदूमला नमुना उघडायला, पिशवी बांधायला, मोहोर लावायला, इतकंच काय, कोर्टात गप्प कधी राहायचं तेही त्यांनीच शिकवलं. निवृत्त झाल्यावर ते गावी आले आणि घराण्यात चालत आलेली दर्ग्याची सेवा करू लागले. डॉक्टर झालेला माणूस पहाटे उठून अंगण झाडतो, याचं गावाला कौतुक होतं. मगदूमला मात्र मनातून थोडी लाज वाटायची.

"सांग आता," सर शेजारी बसत म्हणाले. "कुठलं आहे?"

"बंधाऱ्याचा गाळ काढताना सापडलं. नुसती हाडं. नाव नाही, गाव नाही. कवटीवर मागच्या बाजूने मार आहे."

"खून?"

"फौजदार तसंच म्हणतात. पण मेलेला कोण तेच कळलं नाही, तर मारणारा कुठे शोधायचा? सगळं नावापाशी अडलंय."

"आणि नाव तू काढणार."

"दाढेचा भुगा केला. डीएनए चांगलं निघालं. आलेख अगदी स्वच्छ आला. मग रीतीप्रमाणे आमच्या लोकांशी ताडून बघितला."

ही रीत मुजावर सरांनीच घालून दिलेली. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाचं डीएनए आधीच नोंदवून ठेवायचं. कुणाची शिंक, कुणाचा घाम नमुन्यात गेला तर लगेच कळावं म्हणून. थोडं जुळलं तरी नाव लाल अक्षरांत यायचं.

"आणि?"

"माझं नाव आलं."

...

"लाल अक्षरांत आलं, सर. सगळ्यांसमोर. मगदूम."

सरांनी दाढीवरून हात फिरवला.

"मग तू काय केलंस?"

"दुसरी दाढ घेतली. नवा अंगरखा, नवे हातमोजे, सगळी खोली पुसून काढली. पुन्हा माझंच नाव."

"मग?"

"मग शुभदाला बोलावलं. कपाटांपासून उठवलं आणि म्हटलं, तू कर. मी खोलीत येत नाही. मी खाली आवारात उभा राहिलो. सगळं तिने एकटीने केलं."

"आणि?"

"माझंच."

"तू खोलीत नव्हतास."

"नव्हतो."

"तरी तू बिघडवलंस?"

"दाराच्या कडीला माझा हात लागलेला असेल. पंख्याच्या पात्यांवर काहीतरी असेल. इतकी वर्षं तिथे काढली, सर. सगळीकडे मीच भरलोय त्या इमारतीत."

हे तो अशा काही घाईने बोलला, की समोर दुसरा कुणी असता तर त्याने 'बरं बाबा' म्हणून हातच जोडले असते. चिंचेची बारीक पानं नुकत्याच झाडलेल्या अंगणात गळत होती.

"सगळं तुझं आहे का त्यात?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"काय?"

"त्या आलेखात. सगळं तुझंच आहे का?"

...

"मगदूम."

"नाही," तो म्हणाला. "सगळं नाही."

"मग?"

"काही ठिकाणी पूर्ण जुळतं. काही ठिकाणी अर्धं. काही ठिकाणी... माझं काहीच नाही."

"माणूस नमुन्यात सांडला तर असा अर्धामुर्धा सांडतो का रे?"

मगदूम खोक्याच्या शिवणीवरून बोट फिरवत होता.

"जुना नमुना आहे, सर. पाण्यात होता. थोडी झीज होते. तुम्हीच शिकवलंय."

"शिकवलंय. आणि आलेख अगदी स्वच्छ आला हे आत्ता तूच सांगितलंस."

...

"आणि बापाकडून पोराकडे जाते ती खूण?"

पुरुषांच्या डीएनएत एक खूण अशी असते, की ती आजोबांकडून बापाकडे, बापाकडून मुलाकडे जशीच्या तशी जाते. सख्ख्या भावांची ती एकच असते. मगदूमने आजवर ती खूण दाखवून किती घरांना त्यांची माणसं ओळखून दिली असतील, त्याची मोजदाद त्यानेही ठेवली नव्हती.

"ती..." तो म्हणाला. "ती सगळी जुळते."

दर्ग्यावरचं हिरवं निशाण वाऱ्याने एकदा फडफडलं आणि पुन्हा काठीला चिकटून राहिलं.

"हाडांवर काही जुनं होतं?"

"म्हणजे?"

"मला काय विचारतोस? मोडलेलं, जोडलेलं, वाकडं बसलेलं."

"डाव्या मनगटाच्या वर एक हाड जोडलेलं आहे. लहानपणीचं."

"आणि भरत?"

इतका वेळ हे नाव दोघांपैकी कुणीच घेतलं नव्हतं. ते ऐकताच मगदूमने खोका दोन्ही हातांनी धरला.

भरत त्याचा धाकटा भाऊ. शिकला नाही. दुधाचा टेम्पो चालवायचा आणि गावभर भांडणं सोडवत, लावत फिरायचा. एके दिवशी टेम्पो डेअरीच्या दारात उभा करून तो कुणाबरोबर तरी गेला, तो गेलाच. त्याला आता बरीच वर्षं झाली होती. पोलिसांनी शोधलं, पाहुण्यांनी शोधलं. मगदूम तर रस्त्यात पाठमोरा माणूस दिसला की अजूनही पावलं वाढवायचा. अनोळखी नंबरवरून फोन आला की बोलणाऱ्याने कर्जाची योजना सांगायला सुरुवात करेपर्यंत तो फोन कानाशी घट्ट धरून ठेवायचा.

"चिंचेवरून पडला होता," मगदूम म्हणाला. "चौथीत असताना. डावा हात."

...

"लाखो माणसांचे हात मोडतात, सर."

"मोडतात की."

"लाखो पोरं चिंचेवर चढतात."

"चढतात."

सर त्याच्याशी वाद घालत नव्हते, आणि त्याला वाद हवा होता. वाद घातला असता तर तो जिंकला असता. आजवर तो वादात कधी हरला नव्हता.

"भरत गेला तेव्हा घरचा नमुना दिला होतास?" सरांनी विचारलं. "तुझा, आईचा? बेपत्ता माणसांच्या नोंदीत?"

मगदूमने मान खाली घातली.

नव्हता दिला. ज्याचं माणूस हरवलंय त्याला हाच मगदूम दटावून सांगायचा, की बाबांनो, रडत बसू नका, आधी नमुना द्या. आयांच्या गालांत त्याने स्वतः कापूस फिरवला होता. स्वतःच्या आईच्या बाबतीत मात्र त्याला दर वेळी दुसरं काहीतरी काम निघायचं. आणि शेवटी लोकांच्या शिंका पकडायला नोंदवून ठेवलेलं त्याचं स्वतःचं डीएनए तेवढं समोर येऊन उभं राहिलं.

"म्हणूनच म्हणतोय, सर," तो एकदम पुढे झुकला. "चूक माझी आहे. तुम्ही एवढं म्हणा. तुमचा शब्द कोणी मोडणार नाही. मी तिकडे जाऊन सांगतो, नमुना माझ्याकडून बिघडला, यातून काही निष्कर्ष निघणार नाही. नोकरी जाऊ दे. पेपरात छापून येऊ दे. शुभदाचे पाय धरतो मी सगळ्या ऑफिससमोर. पण हे... हे माझं आहे म्हणा. दुसऱ्या कुणाचं नाही म्हणा."

"आणि कवटीवरचा मार?"

...

"ज्याने मागून घाव घातला तो आज कुठेतरी चहा पीत बसला असेल," सर शांतपणे म्हणाले. "तुझ्या चुकीवर त्याचं भागेल. आणि हे?" त्यांनी खोक्याकडे बोट केलं. "ह्याला बेवारस म्हणून पुरतील."

मगदूम काही वेडा झालेला नव्हता. समोर ठेवलेला पुरावा काय म्हणतो ते या राज्यात त्याच्याइतकं कुणाला कळत असेल? त्याला सगळं कळत होतं. पण त्याला भाऊ हवा होता. भांडखोर, आगाऊ, उसने पैसे परत न देणारा, पण जिवंत. तेवढ्यासाठी तो आपली आयुष्यभराची अब्रू घालवायला निघाला होता.

"आई कशी आहे?" सरांनी विचारलं.

या प्रश्नाची त्याला भीती होती.

"आहे."

"अजून थांबते?"

"रोज."

मगदूमचं घर जैनांचं. दिवस मावळायच्या आत जेवायचं, मावळल्यावर पाण्याचा थेंबही तोंडात घ्यायचा नाही, हा आईचा नेम. प्रयोगशाळेत संध्याकाळची बैठक लांबली की मुजावर सर मध्येच म्हणायचे, "मगदूमला सोडा रे, त्याचा दिवस चाललाय." पुढे मगदूमने बाहेर नेम पाळणं सोडलं. घरी आईसमोर पाळायचा.

"भरतचं ताट वाढून बसते," तो सांगू लागला. "कट्ट्यावर. पश्चिमेकडे तोंड करून. तो यायचाच तेव्हा, सर. डेअरीवरून. ऊन झाडांच्या शेंड्यावर गेलं की टेम्पोचा आवाज यायचा. उंबऱ्यातच उभा राहून ओरडायचा, आई, पाणी. तांब्या वर धरून घटाघटा प्यायचा. अर्धं पोटात, अर्धं शर्टावर. मी चिडायचो. माणसासारखं पी म्हणायचो..."

तो थांबला.

"अजून बाजारात कुणाचा छातीपाशी ओला झालेला शर्ट दिसला ना, सर..."

त्याने खोका आणखी जवळ ओढला.

...

"आणि मग?" सरांनी हळूच विचारलं.

"मग काय? आई बघत बसते. आत्ता येईल, दिवस आहे अजून, म्हणते. बघता बघता दिवस मावळतो. मग तिलाही जेवता येत नाही. ताट झाकते, तोंड पुसते आणि आत जाऊन पडते. कितीदा उपाशी झोपलीय याला हिशेब नाही. आम्ही सगळे सांगून थकलो. तू तरी खाऊन घे म्हटलं, तर म्हणते, तो आला आणि मी जेवलेली असले तर त्याला काय वाटेल?"

सूर्य आता टेकडीच्या पलीकडच्या उसावर आला होता. दर्ग्याच्या भिंतीवर दोघांच्या सावल्या लांब झाल्या होत्या.

"खात्री करायची तर तिचा नमुना लागेल," मगदूम म्हणाला. "तिच्या गालात मला कापूस फिरवावा लागेल. ती विचारेल, कशाला रे नेमी? मी काय सांगू?"

"काय सांगशील?"

"तेच विचारतोय ना मी तुम्हाला!"

हे तो ओरडून बोलला. खाली जीपपाशी पेंगणारा चालक दचकून वर बघू लागला.

मगदूमला स्वतःचीच लाज वाटली. आपल्या गुरूवर त्याने आजवर आवाज चढवला नव्हता. चढवला होता तो एकदाच, आणि तोही हसत हसत.

"तुला आईची काळजी आहे," सर म्हणाले.

"हो."

"तिची वाट बघणं संपेल म्हणून."

"हो."

...

"नाही," मगदूम म्हणाला. "खोटं कशाला बोलू? तिची आहेच. पण ती कट्ट्यावर बसते म्हणून मला बसावं लागत नाही, सर. तिच्या आडून मीच वाट बघतो. ती उठली तर मी कुठे जाऊ?"

बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. घशाला कोरड पडली होती. सकाळपासून त्याने पाणी प्यायलं नव्हतं.

मुजावर सर उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. दर्ग्याच्या दारापाशी वाटसरूंसाठी पाण्याचा रांजण होता. त्यांनी त्याच्यावरचा पेला उचलला.

मगदूमने तो पेला पाहिला आणि ओळखला.

पितळेचा. काठाला एके ठिकाणी चेपलेला. हा पेला पूर्वी प्रयोगशाळेच्या खिडकीत असायचा. अनोळखी मृतदेहाची हाडं आली, की पिशवी उघडण्याआधी मुजावर सर बाहेरच्या खोलीच्या खिडकीत हा पेला पाणी भरून ठेवायचे. शिपायाला कधी सांगत नसत, स्वतः ठेवायचे. मगदूम नवा होता तेव्हा त्याने विचारलं होतं, हे कशासाठी, सर?

"दारात कुणी आलं तर आपण आधी काय करतो?" सर म्हणाले होते. "पाणी विचारतो. नाव मागनं विचारायचं."

मगदूमला तेव्हाच ते पटलं नव्हतं. सर निवृत्त झाले त्या दिवशी निरोपाचे पेढे वाटून झाले, नवा प्रमुख म्हणून मगदूमने टेबल ताब्यात घेतलं आणि सगळ्यांदेखत हसत, पण चांगल्या चढ्या आवाजात म्हटलं, "आता तो पेला हलवा तिथून. ही प्रयोगशाळा आहे, दर्गा नव्हे."

लोक हसले होते. मुजावर सरही हसले होते. त्यांनी पेल्यातलं पाणी कुंडीत ओतलं, पेला पुसला आणि आपल्या कापडी पिशवीत ठेवला. त्यानंतर कितीतरी बिननावाची माणसं मगदूमच्या टेबलावर येऊन गेली. कुणाला नाव मिळालं, कुणाला नाही.

सरांनी रांजणात पेला बुडवला. काठोकाठ भरला. एक थेंबही सांडू न देता ते पारापाशी आले.

मगदूमने हात पुढे केला. त्याला खरोखरच तहान लागली होती.

सरांनी त्याचा हात बाजूला केला. रागाने नाही, रांगत्या पोराचा हात समईपासून दूर करावा तसा.

मग त्यांनी मगदूमच्या मांडीवरचा खोका उचलला. पारावर, स्वच्छ जागा बघून, नीट ठेवला. लाखेची मोहोर वर करून. आणि पाण्याचा पेला त्याच्या समोर धरून उभे राहिले.

मगदूम बघत राहिला.

सरांचे हात म्हातारे होते. पेला थरथरत होता. थोडं पाणी काठावरून सांडलं आणि त्या पांढऱ्या कापडावर पडलं. शर्ट छातीपाशी भिजावा तसं ते एका जागी भिजलं.

मगदूमच्या तोंडून कसलातरी आवाज निघाला. शब्द नव्हता.

"सर..."

...

"सर, तो नाही म्हणा."

मुजावर सरांनी पेला त्याच्या हातात दिला. त्याची बोटं एकेक करून पेल्याभोवती मिटवली. मग पश्चिमेकडे पाहिलं. उसाच्या तुऱ्यांवर अजून ऊन होतं.

"नाव तर तुला ठाऊक आहे, नेमिनाथ," ते म्हणाले. "दिवस मावळला नाही अजून. त्याला पाणी विचार."